खालच्या ओळीतली भोकं

वारजे, पुणे
२४ मे १९९१

चि. संपत,

आशीर्वाद आहेतच. चार महिने पत्र न लिहिणाऱ्या भावालाही ते द्यावे लागतात, नाइलाज आहे. घाटरस्त्याच्या कामावर डोंगर फोडता फोडता मामानं पेनही फोडलं का, असं उल्का विचारत होती.

उल्का परवा आली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यातच आणणार होतो, पण तिच्या सासरच्यांना सुनेवाचून करमेना. आता नववा लागलाय, जूनअखेरचे दिवस दिलेत. तिला मागची, टेकडीच्या बाजूची खोली दिली आहे. सासूबाईंचं म्हणणं, बाळंतिणीला वारा लागता कामा नये. त्या खोलीची एकुलती एक खिडकी तुझ्या त्या दगडी भिंतीकडे उघडते. तिथून वारा सोड, उजेडही येत नाही. सासूबाईंना खोली पसंत आहे.

पण आल्याच दिवशी गंमत झाली. उल्का मागे कपडे वाळत घालायला गेली, तर भिंतीच्या भोकातून धामण बाहेर आली आणि तिच्या पायाशेजारून गेली. पोरगी पांढरीफटक पडली. सासूबाई म्हणाल्या, "नाग हाय त्यो." ह्यांनी सांगितलं, "आये, धामण हाय." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोटुशीच्या घरात समदेच नाग." मग ह्यांनी दुसऱ्याच दिवशी हुसेन गवंड्याला बोलावून भिंतीची सगळी भोकं सिमेंटनं बुजवून टाकली. हुसेनभाई म्हणाले, "दादा, ही भोकं उगाच नसतात ठेवलेली." पण ह्यांच्यापुढे कुणाचं चाललंय? आता भिंत छान गुळगुळीत दिसते, आणि दर पावसाळ्यात त्या भोकांतून जे लाल पाणी अंगणात यायचं, त्याचाही त्रास संपला.

पत्र पाठव. नाहीतर बारशाला तुझं नाव कापीन.

तुझी ताई, प्रेमला

रस्ता-कॅम्प, जि. रत्नागिरी
२ जून १९९१

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र हसत वाचायला घेतलं आणि शेवटाला आलो तेव्हा हसू गेलं होतं. उल्का सुखरूप आली हे वाचून बरं वाटलं. पण ताई, भोकं बुजवायला नको होती.

घर बांधताना ती भोकं मी स्वतः खडूनं आखून दिली होती, आठवतं का? तुमच्या घरासाठी टेकडीचा पायथा उभा कापला. त्या कापलेल्या मातीला आणि मुरमाला धरून ठेवायला ती चौदा फुटी भिंत आहे. पावसाळ्यात टेकडी पाणी पिते, ते झिरपत भिंतीच्या पाठीमागे येतं आणि भोकांतून निघून जातं. दर वर्षी तुझ्या अंगणात येणारं लाल पाणी म्हणजे भिंत धड असल्याची खूण होती. आता ते मागे साठेल, आणि साठलेलं पाणी भिंतीला ढकलतं. नुसत्या मातीपेक्षा पाण्याचा रेटा फार वाईट.

पाऊस धरायला अजून आठ दिवस आहेत. हुसेनभाईंना बोलावून भोकं परत उघडा. सापाची भीती असेल तर तोंडाला बारीक जाळी बसवा. दाजींना माझा नमस्कार सांगून हे सांग. आणि वर टेकडीवर कुणी खोदाई करतंय का, तेही कळव.

तुझा संपत

वारजे, पुणे
१३ जून १९९१

चि. संपत,

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चुकलंच माझं. आधी जेवायला वाढायला हवं होतं. म्हणाले, "तुझ्या भावाला लिव्ह, साप निघाला की पार्सलनं धाडतो त्याच्याकडं. ह्या टेकडीवर मी लहानपणापासनं गुरं चारलीत. ती कवा हालली न्हाई." मी म्हटलं, तेव्हा टेकडीचा पाय कापलेला नव्हता. तर म्हणाले, तो कापला तेव्हा तुझाच भाऊ उभा होता की शेजारी. मग मी ताट वाढलं.

खोदाईचं विचारलंस. वर कुणीतरी प्लॉट पाडतंय. रोज यंत्र घरघरतं, आणि निघालेली माती आमच्या बाजूच्या उतारावरच ढकलून देतात. एकदा मी चढून जाऊन सांगितलं. तिथला मुकादम म्हणाला, "मावशी, माती ती, खालीच जाणार."

पाऊस लागला आहे. अंगण यंदा कोरडं राहिलंय, लाल पाण्याचा थेंब नाही. सासूबाई खूश आहेत. उल्काचे पाय सुजलेत, पण खाते-पिते. आणि एक मजा सांगते. परवा मागे भांडी घासताना माझं लक्ष गेलं, तर तुझ्या भिंतीला मध्यावर थोडं पोट सुटलंय. उल्काला म्हटलं, या घरात सध्या दोन पोटं वाढताहेत, बघू कुणाचे दिवस आधी भरतात. पोरगी इतकी हसली की सासूबाई रागावल्या.

काळजी करू नकोस. तुला आपली सवयच आहे.

ताई

रस्ता-कॅम्प
२० जून १९९१

ती. ताई,

हसू नकोस. उल्कालाही हसवू नकोस. भिंतीला पोट सुटणं म्हणजे ती मागच्या रेट्यानं वाकते आहे. त्यात वर कुणी मातीचा भार टाकतंय. माझ्या इथल्या कामावर अशी भिंत दिसली तर मी सगळ्या मजुरांना आधी बाजूला काढतो आणि मग बोलतो. तुझ्या बाबतीत मला नुसतं बोलताच येतंय.

उल्काला त्या खोलीत ठेवू नका. पुढच्या खोलीत हलवा, वारा लागला तर लागू दे. त्या खोलीत कुणीच झोपू नका. वर माती टाकण्याबद्दल मी तहसील कचेरीला अर्ज पाठवला आहे, त्याची नक्कल सोबत जोडतो. दाजींनी ती स्वतः नेऊन द्यावी. माझ्यावर राग असला तरी चालेल, पण हे एवढं करावं.

घर बांधलं तेव्हा मी शेजारी उभा होतो, हे दाजींचं खरं आहे. पायथा इतका कापू नका असं मी तेव्हा ठासून सांगायला हवं होतं. नवा नवा नोकरीला लागलो होतो, बहिणीचं घर होतंय याचाच आनंद जास्त होता.

उलट टपाली लिही.

संपत

वारजे, पुणे
२ जुलै १९९१

चि. संपत,

उल्का २८ जूनला बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. बाळाचं वजन चांगलं आहे. पाऊस आहे. इकडे सर्व ठीक. तू प्रकृतीला जप.

ताई

रस्ता-कॅम्प
७ जुलै १९९१

ती. ताई,

बाळाची बातमी वाचून कॅम्पवर सगळ्यांना गूळ वाटला. पण तुझं पत्र पाचव्यांदा वाचतोय. सात ओळींत एक टोमणा नाही. खोलीचं काही नाही, भिंतीचं नाही, अर्जाचं नाही. तू मला आयुष्यात असं पत्र लिहिलेलं नाहीस. काय लपवते आहेस?

मी स्वतः निघालो होतो. सकाळी घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला. दरड काढायचं काम आमच्याच तुकडीकडे आहे. डोंगर उतरतोच आहे, एक ढीग उचलला की दुसरा येतो. कधी रस्ता मोकळा होईल सांगता येत नाही. वाण्याच्या दुकानातला तुमचा तो फोन तीन दिवस लावतोय, लागत नाही. हे पत्र दरडीच्या पलीकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती देतो आहे, त्यामुळे ते लवकर मिळेल.

आता नीट ऐक. दाजी ऐकत नसतील तर त्यांची वाट बघू नकोस. पहार घे आणि खालच्या ओळीतली तीन-चार भोकं तू स्वतः उघड. सिमेंट वरवरचं असेल, चार घावांत निघेल. पाणी बाहेर आलं की भिंतीवरचा रेटा उतरेल. एवढं कर.

संपत

रस्ता-कॅम्प
१० जुलै १९९१

ती. ताई,

हे पत्र मिळताच आधी हे वाच. सात तारखेला लिहिलेलं करू नकोस. भिंतीजवळ जाऊ नकोस.

काल इथे तशीच एक जुनी भिंत होती, पाण्यानं फुगलेली. तुंबलेली भोकं मोकळी करायला दोन माणसं खाली उभी राहिली. पहिलं भोक उघडलं, पाणी जोरात आलं, त्याबरोबर मागची माती वाहायला लागली आणि भिंत पुढे आली. एकाचा पाय गेला. दुसरा उडी मारून वाचला. मी दहा पावलांवर होतो. हे मला आधी समजायला हवं होतं. तुला लिहिलं तेव्हा मी घाबरलो होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त पाणी होतं, पायथ्याशी उभं राहणारं माणूस नव्हतं.

भिंत इतकी फुगली असेल तर आता तिला कुणी हात लावायचा नाही. घर सोडा. उल्काला आणि बाळाला घेऊन कोथरूडला दाजींच्या बहिणीकडे जा. सासूबाई सव्वा महिन्याचं बोलतील. बोलू देत.

तारही दिली आहे. पोस्टमास्तर म्हणाले, खांब पडलेत, लाइन सुरू झाली की जाईल. टपालाची गाडी दरडीच्या अलीकडे उभी आहे. पलीकडे जाणारा कुणी आज मिळाला नाही, म्हणून हे त्याच गाडीत टाकतो आहे.

संपत

वारजे, पुणे
१२ जुलै १९९१

चि. संपत,

तुझं सात तारखेचं पत्र काल मिळालं. ओळखलंस तू. लहानपणीही मी चूप बसले की आईआधी तुलाच कळायचं.

खरं सांगते. मी तुला लिहिलं नाही, कारण तू तिथे तळमळत बसशील आणि करता काहीच येणार नाही, असं वाटलं. अर्ज ह्यांनी नेलाच नव्हता. तो मी नेला. कचेरीतले म्हणाले, मालकाची सही हवी. सही घेऊन गेले तर म्हणाले, टेकडी दुसऱ्या टेबलाकडे येते. दुसऱ्या टेबलावरचे साहेब रजेवर होते.

मागच्या खोलीचं दार आता लागत नाही, चौकट वाकली आहे. भिंतीच्या सांध्यांतून गढूळ पाणी पाझरतंय. मंगळवारी वर चढून गेले, तर उतारावर जमीन फाटली आहे, माझा हात कोपरापर्यंत आत गेला. बाभळी सगळ्या खाली वाकल्यात. आल्यावर ह्यांना हाताला धरून मागे नेलं आणि भिंत दाखवली. सांध्यातल्या पाण्याला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "आता कुटं जायाचं? सगळं ह्याच्यातच घातलंय." संपत, त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ऐकत नाहीत म्हणून मी इतके दिवस चिडत होते. ते ऐकत होते रे, घाबरले होते.

एक काम मात्र केलं. उल्का आणि बाळाला पुढच्या खोलीत आणलंय. सासूबाई तयार नव्हत्या, सव्वा महिना बाळंतीण जागची हलत नाही म्हणे. मग मी चक्क खोटं सांगितलं. म्हटलं, नर्सबाई म्हणाल्या बाळाला कावीळ आहे, सकाळचं ऊन दाखवलं नाही तर डोक्यात जाईल. सासूबाई नागाला भीत नाहीत तेवढ्या नर्सबाईंना भितात. स्वतः खाट उचलू लागल्या. ऊन कुठलं आलंय या दिवसांत, पण कुणी विचारलं नाही.

भोकांचं तू सांगितलंस तसं करते. आज पाऊस फार आहे. उद्या उघडीप मिळाली आणि हे अर्जासाठी कचेरीत गेले की दुपारी पहार घेते. तू सांगितलंस म्हणून धीर आला. इतके दिवस नुसतं बघत बसायचं, त्यापेक्षा हातांना काहीतरी काम मिळालं.

बाळाचं नाक तुझ्यावर गेलंय. वाईट वाटून घेऊ नकोस, मोठेपणी सुधारेल.

ताई

कोथरूड, पुणे
५ ऑगस्ट १९९१

ती. मामास नमस्कार.

आईच्या दहाव्याला तू आलास आणि न बोलता गेलास. सगळे होते, मी आतल्या खोलीत होते, तू दारातून बाळाला बघितलंस आणि वळलास. समोर विचारता आलं नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी काय झालं ते तुला कुणी धड सांगितलेलं नाही. मी घरात होते, मीच सांगते. तेरा तारखेला दुपारी पाऊस थांबला होता. बाबा कचेरीत गेले होते. आजी पुढच्या ओसरीवर लवंडली होती, मी बाळाला पाजत होते. मागून पहारीचे घाव ऐकू येत होते. बऱ्याच वेळानं आईनं हाक मारली, "उल्का, पाणी आलं गं." आवाज अगदी खुशीतला होता. मी म्हटलं, बरं. मग आणखी घाव पडले. मग खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला आणि मागची खोली दिसेनाशी झाली. माझी खाट आधी जिथे होती तिथे छपरापर्यंत दगड-माती होती. आई संध्याकाळी सापडली.

तुझं दहा तारखेचं पत्र सोळाला आलं. तार अठराला आली. दोन्ही मी घेतली. सात तारखेचं पत्र आईच्या ट्रंकेत साडीच्या घडीत मिळालं. ही पत्रं मी कुणालाही दाखवलेली नाहीत.

आता मला विचारायचं आहे ते असं. शेजारचे म्हणतात, बाईनं पहारीनं भिंत खिळखिळी केली, नाहीतर ती अजून दहा वर्षं उभी राहिली असती. आजी म्हणते, मला खोलीतून हलवलं म्हणून घराला दोष लागला. बाबांचं वेगळंच. भोकं आपण बुजवली, एवढंच त्यांच्या डोक्यात आहे. परवा आत्यापाशी म्हणाले, "एका धामणीपायी मी बायको घालवली." तेव्हापासून ते जेवत नाहीत. ताटावर बसतात आणि उठतात. आत्यानं डॉक्टर आणला, त्यानं टॉनिक दिलं.

मामा, तू हे शिकलेला आहेस. आईनं भोकं उघडली नसती तर भिंत राहिली असती का? मला खरं काय ते कळव. बाबांना काय सांगू ते कळव. मला आता बाळ रडलं तरी उठवत नाही.

तुझी उल्का

रस्ता-कॅम्प
११ ऑगस्ट १९९१

चि. उल्कास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन हिंडतोय. उत्तर लिहायला बसलो की पावसाचं निमित्त करून उठतो. आज बसलो आहे.

तू विचारलंस त्याचं खरं उत्तर, मला माहीत नाही. वर जमीन फाटली होती, झाडं वाकली होती, भिंतीला पोट सुटलं होतं. ती भिंत जाणार होती, दहा वर्षं उभी राहिली असती असं म्हणणाऱ्यांना काही कळत नाही. पण ती त्याच रात्री गेली असती की महिन्यानं, आणि तेव्हा मागे कोण असतं, हे मी सांगू शकत नाही. ताईनं भोकं उघडली म्हणून ती त्या क्षणी आली का? बहुतेक हो. नक्की का? नाही. दहाव्याला आलो तेव्हा त्या ढिगाऱ्यावर एकटाच जाऊन आलो. दगड उलटेसुलटे करून बघितले. उघडलेली भोकं सापडली, तीन होती. त्यावरूनही कळलं नाही. चौदा वर्षं मी डोंगर कसे उतरतात हे बघतोय. दर पत्रात तुम्हाला छातीठोक सांगत आलो, असं करा, तसं करू नका. आता विचारलंस तर सांगण्यासारखं काही नाही.

तुला मागच्या खोलीतून ताईनं हलवलं, त्याला कुणी दोष म्हणालं तर तिथल्या तिथे उत्तर दे. आजी असली तरी दे.

बाबांना खोटं सांगू नकोस. भोकं बुजली म्हणून पाणी साठलं, हे त्यांना कळलेलं आहे, आणि त्यांची समजूत घालायला गेलीस तर ते आणखी आत जातील. पण त्यांना अर्धंच माहीत आहे. ताई त्या भिंतीखाली आपण होऊन गेली नव्हती. मी पाठवली. तीन दिवसांनी मला उमगलं, पण तोपर्यंत पत्र निघून गेलं होतं, आणि दुसरं टपालाच्या गाडीत पडून राहिलं. दहाव्याला दाजी माझ्या शेजारी बसले होते. मला म्हणाले, "संपत, तुझं ऐकायला पायजे व्हतं मी." त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. माझ्याच्यानं झालं नाही.

म्हणून हे काम तुझ्यावर टाकतोय, बाळंतीण असताना. मला क्षमा कर. सात तारखेचं पत्र बाबांना दाखव. दहा तारखेचंही दाखव. त्यांना माझा राग येऊ दे, माझ्याकडे येऊन त्यांनी काय हवं ते बोलावं, रस्ता आता मोकळा आहे. पण पत्र हातात द्यायच्या आधी त्यांना भाकरी वाढ, शेजारी बस, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत थांब.

तुझा मामा
संपत